सिम आलं, पण ओटीपी येईना

पुण्याहून रात्रीच्या गाडीने मैत्रिणीकडे गोव्याला निघाले होते, मडगाव यायच्या जरा आधी जाग आली तर उशाची सॅक गायब. फोन, पाकीट, एटीएम कार्ड, आधार सगळं त्यातच. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी लगेच आपला फोन दिला आणि तेव्हा कळलं की मला पाठ असलेला नंबर एकच, आईचा.

काकूंच्याच फोनवरून हेल्पलाइनला सांगून कार्ड ब्लॉक केलं. आता वाटतं आधी सिम बंद करायला हवं होतं, कारण ते सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की आपले ओटीपी थेट चोराच्या हातात. तुम्ही सिम आधी बंद करा, खरंच सांगतेय. आणि रेल्वे पोलिसांकडच्या तक्रारीची कॉपी घ्याच, संचार साथीवर (हरवलेला फोन बंद करायचं सरकारी पोर्टल) फोन ब्लॉक करताना ती लागते, आयएमईआय नंबरही (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लागतो, तो माझ्या फोनच्या खोक्यावर होता, घरी.

सिम माझं पुण्याचं, पण टेलिकॉममध्ये महाराष्ट्र-गोवा एकच सर्कल, म्हणजे एकच सेवा विभाग (मुंबई वेगळं), म्हणून मडगावातच डुप्लिकेट मिळालं. भावाने आधारचा फोटो पाठवला, मी बोट लावलं, मैत्रिणीच्या जुन्या फोनमध्ये सिम टाकलं, दुपारी कॉल सुरू झाले आणि मला वाटलं सुटले. पण अशा बदलून घेतलेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, येणारेही आणि जाणारेही! म्हणजे ओटीपी नाही, आणि यूपीआय अ‍ॅपला आपल्या सिमवरून मेसेज पाठवून नंबर तपासायचा असतो त्यामुळे तेही नाही. त्या दिवशी रडू आलं मला. नियम मात्र बरोबर आहे, कुणी आपल्या नावावर परस्पर सिम काढलं तर खातं रिकामं व्हायच्या आत आपल्याला कळायला वेळ मिळतो.

जीमेलचा पासवर्ड आठवत होता पण ते म्हणे तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला हो म्हणा, तो फोनच तर गेलेला. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी बॅकअप कोडचा (फोन हाताशी नसताना लॉगिनसाठी गूगल देतं ते कोड) कागद प्रिंट करून आईकडे दिला होता, आठ-आठ आकड्यांचे दहा कोड. आईला फोन केला, तिने तो कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात घडी करून ठेवला होता. चष्मा लावून ती "एकाहत्तर, पंचेचाळीस" असं वाचायला लागली, म्हटलं आई एकेक आकडा सांग, मग तिने अगदी सावकाश आठही आकडे सांगितले, दोनदा. जीमेल उघडलं. पहिल्यांदा हरवलेल्या फोनवरून लॉगआउट केलं, मग पासवर्ड बदलला.

दुसऱ्या दिवशी एसएमएस सुरू झाले, बँकेचं मार्गी लागलं. कार्ड नव्हतं तरी आधारच्या ओटीपीवर यूपीआयचा नवा पिन सेट करता आला.

घरी आल्यावर नवे कोड काढले, ते काढले की जुने चालत नाहीत. एक कागद भावाकडे, एक आईकडे. तिने तो त्याच डब्यात ठेवलाय, पण जुना काही मला फाडू देत नाहीये.