काच लख्ख झाली, तरी डावा दिवा मिणमिणताच

जुनी मिनिव्हॅन आली तेव्हा दोन्ही हेडलाइट पिवळे पडले होते. डाव्यावर तर सायीसारखा थर. मालकांचं म्हणणं एकच, रात्री रस्ता दिसत नाही, दोन्ही बदलून टाका. मी आधी काचेवर पाणी मारलं. ओली असेपर्यंत काच जवळपास पारदर्शक दिसली, म्हणजे खराबी बाहेरच्या अंगाला होती. ओली करूनही धूसर राहिली असती तर दोष आतून किंवा खोल तड्यांचा, आणि तिथे घासण्यात वेळ घालवू नये. मग टॉर्च मारून रिफ्लेक्टर पाहिला. त्याची चकाकी शाबूत होती. ती काळवंडली किंवा पोपडे निघाले असतील, तर बाहेरून कितीही मेहनत घ्या, उजेड वाढत नाही. इथे बदलायची गरज नव्हती.

आपण काच म्हणतो, पण ते पॉलीकार्बोनेट असतं. आघाताला चिवट, ऊन आणि ओरखड्यांपुढे मात्र कच्चं. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक कठीण लेप देतात. वर्षानुवर्षांच्या उन्हानं तो लेप मरतो, जागोजागी सुटतो आणि उघडं पडलेलं प्लास्टिक पिवळं होतं. या गाडीवर आधी कोणीतरी नुसतं बफिंग केलं होतं. मधला लेप गेलेला, काठांना तसाच चिकटलेला, दोन्हींमधली कड नखाला लागत होती. टूथपेस्टनं घासलेल्या दिव्यांचंही हेच होतं. चमक येते, पण वर संरक्षण काहीच नसल्यामुळे काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा.

बॉनेट आणि बंपरच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर लावले, कारण घासायचा पेपर एकदा जरी निसटला तरी रंग जातो. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं (पाण्यासोबत घासायचा पेपर, नंबर वाढेल तसा बारीक) सुरुवात केली. सुरुवातीला निघणारं पाणी पिवळसर असतं, तो मेलेला लेप. ते पांढरं यायला लागलं की प्लास्टिक लागलं. तरी लगेच पुढचा नंबर घेऊ नये. काच कोरडी करून तिरप्या उजेडात बघितली, तर डाव्या दिव्याच्या वरच्या कोपऱ्यात लेपाची चकचकीत बेटं उरलेली दिसली. ती राहिली तर वरून लॅकर, म्हणजे नवा पारदर्शक लेप, मारल्यावर नकाशासारखी उठून दिसतात. सगळ्यात जास्त वेळ त्याच कोपऱ्यावर गेला, आणि तो द्यायलाच हवा. पुढे ६००, ८००, १०००. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, एकदा आडवं, एकदा उभं. मागच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते त्यावरूनच कळतं.

१००० नंतर दिवा सर्वत्र सारखा दुधी दिसतो आणि बघणाऱ्याचा धीर सुटतो. पण त्यावर टूके लॅकर (हार्डनर मिसळून कडक होणारं, दोन घटकांचं) मारायचं असेल तर इथेच थांबावं. बारीक ओरखड्यांत लॅकर धरतं आणि तेच ते भरून काढतं. आरशासारखं पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाही.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरलं. थिनर किंवा ॲसिटोन नको. पॉलीकार्बोनेटमध्ये साच्यातला ताण अडकलेला असतो, असं काही लागलं की केसासारख्या रेघा फुटतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत. टूके लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क इथे कामाचा नाही. स्प्रेच्या डब्यावर सांगितलेला श्वसन मास्क, हातमोजे आणि भरपूर खेळती हवा, यात तडजोड नको. डब्याच्या बुडाची पिन दाबून हार्डनर मिसळला की आतलं लॅकर घट्ट व्हायला लागतं, उरलेलं पुढच्या महिन्यासाठी ठेवता येत नाही. पहिला हात नुसता धुक्यासारखा, दहा मिनिटं थांबून दोन ओले हात, अंतर साधारण २० सेंमी.

उजव्या दिव्यावर माझा हात वळणाशी क्षणभर थबकला आणि खाली ओघळ आला. ओला ओघळ पुसायला गेलं की सगळाच थर फाटतो. तो तसाच पूर्ण वाळू दिला, दुसऱ्या दिवशी १५०० नं सपाट केला, मग २०००, ३००० आणि शेवटी पॉलिशचं कंपाउंड.

त्या संध्याकाळी दिवे लावले. दोन्ही काचा सारख्याच लख्ख, पण डावा दिवा पिवळट आणि मंदच. बल्बची अदलाबदल केली, तरी मंद डावाच. इंजिन चालू ठेवून, डिपर (खालचा झोत) लावून मीटरनं मोजलं. बॅटरीवर १४.० व्होल्ट, डाव्या बल्बच्या सॉकेटवर १२.२. ही घट किरकोळ वाटते, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे १३ टक्के व्होल्टेज कमी पडलं की एक तृतीयांशाहून जास्त उजेड जातो. बल्बची अर्थची (करंट परत जाण्याच्या वाटेची) पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजलं, एकट्या अर्थमध्येच १.४ व्होल्ट जात होते. बॅटरीच्या खालच्या पत्र्यावरचा अर्थचा बोल्ट गंजून हिरवट झाला होता. पत्रा खरवडून स्वच्छ धातू काढला, नवं रिंग टर्मिनल क्रिंप केलं, घट्ट बसवलं आणि वरून ग्रीस दिलं. सॉकेटवर १३.५ आले आणि दोन्ही दिवे सारखे पांढरे झाले. अशा गाडीत घासायचा पेपर हातात घेण्याआधीच हे माप घ्यायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम आहे.

उरला तो फोकस. टायरची हवा बरोबर केली, झोत वरखाली करणारं लेव्हलचं बटण शून्यावर ठेवलं, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवला आणि भिंतीपासून १० मीटरवर गाडी सपाट जमिनीवर लावली. हेडलाइटवर १ टक्का छापलं होतं, म्हणजे १० मीटरवर डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली हवी. उजवा बरोबर होता. डावा ४ सेंमी वर मारत होता, मागचा स्क्रू थोडा थोडा फिरवत त्याची कड उजव्याच्या रेषेत आणली.