पोलीस ठाण्याकडून कागद काढताना : माझा अनुभव

आमच्या इमारतीच्या मागे लग्नाचं लॉन आहे. लग्नसराईत तिथला डीजे रात्री साडेअकरा-बारापर्यंत चालायचा. ११२ ला फोन केला की बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, यायचे, आवाज थोडा खाली जायचा आणि त्यांची गाडी वळली की पुन्हा तावदानं थरथरायला लागायची. यात कुणाला नवल वाटावं असं काही नाही. मला हवं होतं ते एवढंच, की या लॉनला ठाण्याने ध्वनिक्षेपकाची परवानगी दिली होती का, दिली असेल तर किती वाजेपर्यंत, आणि आम्ही फोन केले त्या रात्री ठाण्याच्या दप्तरात नेमकं काय लिहिलं गेलं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या आधी माहिती अधिकारात अर्ज केला होता. त्यात त्यांनी विचारलं होतं : पोलीस कारवाई का करत नाहीत? लॉनमालकाला कोण पाठीशी घालतं? उत्तर एका ओळीचं आलं. 'आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' सेक्रेटरी संतापले. त्यांच्या मते ही पळवाट होती. मला मात्र ते उत्तर, कितीही चीड आणणारं असलं तरी, कायद्याला धरून वाटलं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ दप्तरात जे आहे तेवढं मिळवून देतो. अधिकाऱ्याने नव्याने मत बनवून द्यावं किंवा कारणं शोधून सांगावीत असं बंधन त्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि 'का' या प्रश्नाची नोंदवही कुठल्याच पोलीस ठाण्यात नसते.

मग कुठल्या नोंदवह्या असतात? हे मला आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त हवालदार काकांनी सांगितलं, आणि माझं निम्मं काम तिथेच झालं. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर स्टेशन डायरी असते. चोवीस तास चालते, प्रत्येक नोंदीला क्रमांक आणि वेळ असते. बीट मार्शल कुठे गेले, काय पाहिलं, कधी परतले, ते तिथे यायला हवं. बाहेरून आलेला प्रत्येक कागद बारनिशीत नोंदला जातो आणि त्याला आवक क्रमांक पडतो. आपल्या तक्रार अर्जाचा तो क्रमांक माहीत असेल तर 'असा अर्ज आलाच नाही' हे उत्तर संपतं. ध्वनिक्षेपक परवानगीची वेगळी फाइल असते, त्यात आयोजकाचा अर्ज, परवानगीची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत) आणि अटी. आवाज मोजला असेल तर ध्वनिमापक यंत्राच्या मोजणीची नोंद. 'केस डायरी मात्र मागू नकोस,' काका म्हणाले. ती तपास अधिकाऱ्याची तपासाची डायरी. कोर्ट ती मागवून बघू शकतं, आरोपीलाही ती एरवी मिळत नाही, मग आपल्याला कुठून मिळणार?

ज्यांना फक्त एफआयआर हवा आहे त्यांनी या वाटेला येऊच नये. फिर्याद देणाऱ्याला त्याची प्रत फुकट मिळण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. शिवाय लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच दिला आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर तारीख आणि ठाणं निवडून ते शोधता येतात. त्यासाठी तीस दिवस कशाला थांबायचं!

अर्ज लिहायला बसलो. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एक अट आहे : एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांच्या आत. अनेकांना ही अट जाचक वाटते. मला तिचा फायदाच झाला, कारण दीडशे शब्दांत राग मावत नाही. 'जोडपत्र अ' या नमुन्यात मी इतकंच लिहिलं :

'अमुक लॉन या ठिकाणी अमुक ते अमुक या कालावधीत ध्वनिक्षेपक वापरण्यासाठी आपल्या पोलीस ठाण्याने दिलेल्या सर्व परवानग्यांच्या प्रती, अटींसह. सोबत दिलेल्या तारखांना रात्री १० ते १ या वेळेतील, सदर ठिकाणाबाबतच्या स्टेशन डायरी नोंदींचे उतारे. त्याच तारखांना सदर ठिकाणी ध्वनिमापक यंत्राने घेतलेल्या मोजणीच्या नोंदींच्या प्रती. याच ठिकाणाबाबत ११२ वर आलेल्या कॉलची व त्यावरील कार्यवाहीची नोंद. यातील माहिती अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम ६ (३) नुसार अर्ज हस्तांतरित करावा.'

तारखा नेमक्या दिल्या होत्या. त्या मला माझ्या फोनमधल्या कॉलच्या यादीतून मिळाल्या. 'गेल्या पाच वर्षांची सर्व माहिती' असं लिहिलं असतं तर 'माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहणी करावी' असं पत्र आलं असतं. तसं पत्र आलं तरी घाबरायचं नाही म्हणा, पाहणीचा पहिला तास फुकट असतो आणि फाइल प्रत्यक्ष चाळण्यासारखं दुसरं काही नाही.

अर्ज कुणाकडे द्यायचा यात बरेच जण अडकतात. ठाण्यात गेलं की अर्ज ठाण्यातच द्यायचा असं वाटतं. आमच्याकडे मात्र जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्ज घेऊन उत्तर देणारे, विभागाचे सहायक पोलीस आयुक्त आहेत, आणि प्रथम अपिलीय अधिकारी, म्हणजे त्या उत्तराविरुद्धचं पहिलं अपील ऐकणारे, परिमंडळाचे उपायुक्त. प्रत्येक ठिकाणी हीच रचना असेल असं नाही, म्हणून कार्यालयातला फलक वाचायचा. तो लावणं बंधनकारकच आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं, दोन प्रती काढल्या आणि सहायक आयुक्तांच्या कार्यालयात गेलो.

'कशाला पाहिजे ही माहिती?' टेबलावरच्या अंमलदारांनी विचारलं.

'अर्जात लिहिलंय तेवढंच, साहेब. कारण द्यावं लागत नाही.'

'तसं नाही हो, सहज विचारतोय. लॉनवाल्याशी काही भांडण आहे का?'

'नाही. पोच द्या फक्त.'

अधिनियमाच्या कलम ६ (२) मध्ये कारण न विचारण्याची तरतूद आहे, पण तिथे कलमांवरून वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांना त्रास द्यायचा नाही, आपली प्रत पुढे करायची आणि शिक्का, तारीख, सही घेऊनच हलायचं. माझ्या पोचेवर आधी नुसता शिक्का मारला होता. तारीख मागून घेतली, कारण पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

काही दिवसांनी ठाण्यातून फोन आला. 'साहेबांनी बोलावलंय, या, समोरासमोर समजून घेऊ.' आवाज गोड होता. मी म्हणालो, जे असेल ते लेखी कळवा. माझं मत असं, की अर्ज चालू असताना चहाला जाऊ नये. भीतीपोटी म्हणत नाही मी हे. तिथे जे बोललं जातं त्याचा कागद होत नाही आणि नंतर 'अर्जदाराचे समाधान झाले आहे' अशी ओळ फाइलला लागते. तक्रारदाराचं नाव बाहेर पडेल ही भीती मात्र खरी असते. ध्वनिक्षेपकांच्या एका याचिकेत जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तक्रारदाराची ओळख न पटवता कारवाई करावी आणि त्याचं नाव उघड करू नये असं पोलिसांना बजावलं आहे. माहिती अधिकाराच्या अर्जावर मात्र नाव-पत्ता द्यावाच लागतो, त्याला इलाज नाही.

उत्तर मुदत संपता संपता आलं. पत्रावरची तारीख मुदतीच्या आतली, पाकिटावरचा टपाल शिक्का नंतरचा. ते पाकीट मी पत्रालाच टाचून ठेवलं. ११२ चा भाग संबंधित कार्यालयाकडे पाठवल्याचं कळवलं होतं (असं हस्तांतर पाच दिवसांत व्हायला हवं, ते उत्तरासोबतच झालं होतं). बाकी सगळं नाकारलं होतं : 'सदर माहिती दिल्यास तपासात अडथळा निर्माण होईल, कलम ८ (१) (एच).' आणि परवानग्यांमध्ये त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती आहे, म्हणून (जे).

इथे मला खरं सांगायचं तर हसू आलं. कुठला तपास? लॉनवर एकही गुन्हा नोंदवलेला नव्हता, आमची तक्रार तर तीच होती! आणि तपास चालू असता तरी नुसतं तेवढं म्हणून भागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या निकालात सांगितलं आहे की नुसतं तपास चालू असणं हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. ही माहिती दिल्याने तो कसा अडेल हे अधिकाऱ्याने दाखवायला हवं. पोलीस खात्याकडे माहिती मागणाऱ्याने बाकी काही लक्षात नाही ठेवलं तरी चालेल, हा निकाल ठेवावा.

(जे) चं थोडं अवघड आहे. वैयक्तिक माहितीचं हे उपकलम डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी त्या उपकलमातच असलेला व्यापक जनहिताचा अपवाद गेला. पण कलम ८ (२) जागेवर आहे, त्यानुसार जनहित जड ठरलं तर माहिती देता येते. आणि मला तर कुणाचा फोन नंबर नकोच होता. अपिलात तेच लिहिलं : कलम १० प्रमाणे परवानगी मागणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल काळ्या शाईने झाकावा, बाकीचा कागद द्यावा.

पहिलं अपील वीस रुपयांच्या तिकिटावर, नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत. सुनावणीचं पत्र उपायुक्तांच्या कार्यालयातून आलं. ठाण्याकडून एक उपनिरीक्षक फाइल घेऊन हजर होते. उपायुक्तांनी त्यांना विचारलं, 'या ठिकाणाबाबत गुन्हा रजिस्टर नंबर काय?' ते पानं उलटत राहिले. 'नाही सर, गुन्हा दाखल नाही.' 'मग तपास कसला लिहिलाय?' मला जवळजवळ काहीच बोलावं लागलं नाही. माझ्या हातात अपिलाचे मुद्दे एका पानावर होते, ते मी नुसतं पुढे केलं. वैयक्तिक तपशील झाकून पंधरा दिवसांत प्रती द्याव्यात असा आदेश झाला. दोन रुपये पानाप्रमाणे पैसे भरले आणि गठ्ठा घेतला.

घरी येऊन ते कागद तारखांप्रमाणे लावले. ज्या परवानग्या होत्या त्या सगळ्यांवर रात्री दहापर्यंत अशी स्पष्ट अट होती. आम्ही फोन केले त्यातल्या कित्येक रात्रींसाठी तर परवानगीच नव्हती. सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण वर्षात जास्तीत जास्त पंधराच दिवस, आणि त्या वर्षी जाहीर झालेल्या दिवसांत आमची एकही तारीख बसत नव्हती. स्टेशन डायरीच्या उताऱ्यांत जवळपास प्रत्येक वेळी एकच वाक्य होतं : 'सदर ठिकाणी जाऊन खात्री केली असता आवाज मर्यादेत असल्याचे दिसून आले.' रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ती 'दिसून' कशी येते कोण जाणे. ध्वनिमापकाच्या मोजणीबद्दल लेखी उत्तर होतं की या तारखांची नोंद अभिलेखावर उपलब्ध नाही. मला सगळ्यांत उपयोगी पडला तो हाच कागद. मोजणी झालेलीच नसताना आवाज मर्यादेत असल्याचं लिहिलं होतं, हे आता त्यांच्याच सहीने सिद्ध होत होतं.

या तीन कागदांच्या प्रती जोडून सोसायटीने उपायुक्तांना एक पानाचं पत्र दिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं, नुसता तक्ता : तारीख, परवानगी आहे की नाही, डायरीतली नोंद, मोजणी. लॉनला नोटीस गेली. आता बहुतेक रात्री दहाला डीजे बंद होतो. वरातीचं काय करायचं ते अजून कुणालाच सुचलेलं नाही.

११२ कडची माहिती नंतर स्वतंत्र टपालाने आली आणि ती डायरीशी जुळत होती, त्यामुळे तिच्यात फारसं काही निघालं नाही.

एक अर्ज मात्र अजून लटकलेला आहे. सेक्रेटरींच्या पत्नी तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात गेल्या होत्या आणि तो घेतलाच गेला नव्हता. त्या तासाभराचं ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी वेगळ्या अर्जात मागितलं. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावेत आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी प्रकरणातला आदेश आहे. 'सुरक्षेच्या कारणास्तव' ते नाकारलं, पहिलं अपीलही फेटाळलं. नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील केलं आहे, आणि ते निकाली निघेपर्यंत चित्रण पुसू नये असं ठाण्याला लेखी कळवून त्याची तारखेसह पोच घेतली आहे. आयोगाकडे प्रकरणांची रांग मोठी आहे, आमची तारीख अजून लागलेली नाही.