थायरिअसचा आयडी: जीनस पक्का, स्पीशीज अजून नाही

मंडळी, फोटोंवरून एका कक्कू बीचा (दुसऱ्या माशीच्या घरात अंडं घालणाऱ्या मधमाशीचा) आयडी, म्हणजे ओळख ठरवायचं काम थोडं पुढे सरकलंय. जीनस (जवळच्या जातींचा गट) थायरिअसच, यात आता शंका नाही. काळंभोर अंग, त्यावर निळसर ठिपके, धुरकट पंख, आणि मादी असूनही मागच्या पायांवर पराग गोळा करायचे दाट केस अजिबात नाहीत, लागणार तरी कशाला, ही स्वतः घर बांधतच नाही, बहुतेक वेळा अ‍ॅमेजिला नावाच्या दुसऱ्या मधमाशीच्या बिळात मालकीण बाहेर गेली की शिरते, अंडं घालते आणि तिथला साठा हिची अळी खाते.

अडलंय ते स्पीशीजवर, म्हणजे त्यातली नेमकी जात कोणती यावर. जीनसमध्ये शंभराच्या वर स्पीशीज, आणि वरून काढलेल्या फोटोत बऱ्याचशा सारख्याच दिसतात. म्हणून सध्या सगळं लक्ष स्क्यूटेलमवर. छातीचा हा मागचा भाग थायरिअसमध्ये चपटा होऊन छज्ज्यासारखा मागे येतो आणि त्याच्या कडेला खाच असते, ती किती खोल, बाजूची टोकं किती अणकुचीदार, हे बघायचं. नव्या फोटोत ती कड एकदम स्वच्छ आलीय, खाली पांढऱ्या केसांचा झुपकाही दिसतोय, जाम खुश आहे मी!

ठिपक्यांबाबत एक सांगतो, तो रंग कातडीचा नाही, चपट्या बसलेल्या बारीक केसांचा आहे, आणि वय झालं की ते झडतात. म्हणजे ठिपका दिसला तर पुरावा धरा, नाही दिसला तर लगेच दुसरी स्पीशीज म्हणू नका.

नर की मादी हेही आधी ठरवायला हवं, अँटेनाचे भाग मोजा, मादीत 12, नरात 13, कारण काही खुणा फक्त नरातच कामाच्या असतात.

फोटोसाठी भल्या सकाळची वेळ बेस्ट. जबड्याने काडी पकडून झोपलेली असते, मॅक्रो लेन्स अगदी जवळ नेता येतो, पण पाय पोटाशी घेतलेले असल्याने मधल्या पायाच्या नडगीवरचा ठिपका झाकला जातो आणि मला नेमका तोच हवाय. ऊन लागलं की ती पुढच्या पायाने अँटेना पुसायला लागते, मग एकेक पाय ताणते, तेवढ्यात बर्स्ट (सलग भराभर फोटो) मारायचा. तो अँगल मिळेपर्यंत माझा आयडी थायरिअस एवढाच राहील, नुसत्या अंदाजाने स्पीशीजचं नाव लावणं मला पटत नाही. कुणाकडे मधल्या नडगीचा बाहेरच्या बाजूचा क्लोजअप असेल तर नक्की दाखवा.