कानांवर ठेवलेले हात

आमची सहा मिनिटांची फिल्म पडद्यावर सुरू होती आणि मी पडद्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून, मुलांकडे बघत उभी होते. सोळा मुलं होती, आठ ते अकरा वयाची. दुसऱ्या रांगेत पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरमधला एक मुलगा बसला होता. तिसरं मिनिट उलटलं तसा तो हळूच उठला, खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेला आणि दार ढकलून बाहेर पडला. मला वाटलं, गेला. पण दार पूर्ण लागलं नाही. फटीत त्याचा एक डोळा दिसत होता. तो तिथूनच बघत होता.

त्याच सुमाराला आत सात-आठ मुलांचे हात वर गेले. डोळे झाकतील असं मी धरून चालले होते, पण त्यांनी डोळे टक्क उघडे ठेवले आणि कान झाकले. त्या दिवशी पुढे जे घडलं, ते सगळं या एका गोष्टीमुळे घडलं.

मी फिल्म शिकते. आम्हाला दुसऱ्या वर्षाला रूपांतराचा विषय आहे. लहान मुलांसाठी लिहिलेली एखादी भयकादंबरी घ्यायची, तिच्यातला एकच प्रसंग निवडायचा आणि सहा मिनिटांची फिल्म करायची. अभ्यासापुरती, बाहेर कुठे दाखवायची नाही. चाचणी खेळाला आलेली मुलंही संस्थेत शिकवणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांचीच होती. मी नील गेमनची ‘कोरलाइन’ घेतली. कादंबरी २००२ सालची. हेन्री सेलिकने तिच्यावर केलेला स्टॉप मोशन, म्हणजे बाहुल्या जराजरा हलवून एकेक चित्र टिपत केलेला, चित्रपट २००९ साली आला. नव्या घरात राहायला आलेली एक मुलगी, एक कुलूपबंद दार, दारामागे विटांची भिंत. एक दिवस ती भिंत तिथे नसते. अंधाऱ्या बोळाच्या पलीकडे हुबेहूब तिच्या घरासारखं घर असतं आणि स्वयंपाकघरात तिच्या आईसारखीच दुसरी आई. फक्त डोळ्यांच्या जागी मोठी काळी बटणं.

वर्गात बहुतेकांनी बटणांचा प्रसंग घेतला असता. मला हवा होता तो गांधीलमाश्यांचा. कोरलाइनचे खरे आईवडील गायब झाले आहेत, त्यांना सोडवायला तिला पुन्हा त्या बोळातून जायचं आहे. जाण्याआधी, हातात मेणबत्ती घेऊन, ती मांजराला लहानपणीची एक आठवण सांगते. वडिलांबरोबर फिरायला गेली असताना तिचा पाय गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पडला. वडील ओरडले, पळ. ते स्वतः मात्र तिथेच थांबले, तिला पळायला वेळ मिळावा म्हणून. तिला एकच डंख झाला, वडिलांच्या अंगावर नंतर ३९ मोजले. या गडबडीत त्यांचा चष्मा पडला होता, तो आणायला ते पुन्हा एकदा तिथे गेले. नंतर ते तिला म्हणाले की डंख खात उभं राहण्यात शौर्य काही नव्हतं, त्या वेळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पण माश्या तिथेच आहेत हे माहीत असताना, भीती वाटत असताना, चष्म्यासाठी परत गेलो ते धाडसाचं होतं.

सगळी कादंबरी या दोन पानांवर उभी आहे असं मी मानते. मुलगी बोळात शिरते ती या आठवणीचा हात धरून. आणि चित्रपटात हा प्रसंग नाही.

का नाही, हे मला कळतं. पानावर एखादं मूल एकटं विचार करत असलं तर वाचणारा त्याच्या डोक्यातच बसलेला असतो. पडद्यावर तेच मूल नुसतं गप्प दिसतं. सेलिकसमोर हाच पेच होता. गेमनने त्याला हस्तलिखित पुस्तक छापून येण्याआधीच दिलं होतं, आणि सेलिकचा पहिला खर्डा पुस्तकाला फारच धरून झाला होता. मग त्याने वायबी नावाचा शेजारचा मुलगा आणला, जो पुस्तकात कुठेच नाही. कोरलाइनला स्वतःशी बडबडत राहावं लागू नये, कुणाशी तरी बोलता यावं, म्हणून. हा उपाय मला पटतो. पण शेवटी दुसऱ्या आईचा तुटलेला हात पाठीमागे येतो तेव्हा वायबीच धावून येतो, हे मात्र मला आजही पटत नाही. पुस्तकात ती विहिरीच्या तोंडावर बाहुल्यांच्या चहापार्टीचा बनाव रचते आणि एकटीच त्या हाताला खड्ड्यात पाडते. माणूस भीत भीत काय करू शकतो, हे तिने वडिलांकडून शिकलेलं असतं. त्या वेळी मदतीला कुणी आलं की तिचं शिकणं कमी होतं.

याच चित्रपटातली एक गोष्ट मात्र मी कायम समोर ठेवली. तो त्रिमितीत चित्रित केला आहे, आणि खऱ्या घराचे सेट मुद्दाम कमी खोलीचे, दबलेले बांधले आहेत, रंगही मळकट आहेत. पलीकडच्या घराचे सेट खोल आणि रंगीत. या घरात जीव घुसमटतो आणि पलीकडे मोकळं वाटतं, हे कुणी बोलून दाखवत नाही, प्रेक्षकाला ते डोळ्यांनीच कळतं. लेखकाचं वाक्य तोंडी न देता त्या वाक्याचा परिणाम दुसऱ्याच वस्तूत उतरवायचा. रूपांतर म्हणतात ते मला तिथे कळलं, किंवा कळलंय असं वाटलं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी सरळ फ्लॅशबॅक लिहिला होता. उतार, झुडपं, वडील, माश्यांचा थवा. सरांनी वाचून एवढंच विचारलं, “गोष्ट सांगणारी मुलगी यात कुठे आहे?” मी सगळं खोडलं. दुसऱ्या खर्ड्यात फक्त मुलगी, मेणबत्ती आणि काळोख. मांजरही नाही. मुलगी कॅमेऱ्याच्या जरा खाली बघून बोलते, म्हणजे मांजराच्या जागी प्रेक्षक बसतो. नऊ वर्षांची मुलगी मिळाली आणि तिने ते इतकं मनापासून सांगितलं की चौथ्या टेकनंतर आम्ही थांबलो.

पण नुसत्या बोलण्यावर सहा मिनिटं निघतील, यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून मी माश्या आवाजातून परत आणल्या. त्या आवाजावर आम्ही आठवडाभर राबलो होतो. स्टीलच्या पेल्यात दाढीचं विजेवर चालणारं यंत्र धरून एक थर, टेबलफॅनच्या पात्यांना कागदाची पट्टी लावून दुसरा, आणि आमचा साउंड करणारा मित्र ओठ मिटून गुणगुणत होता तो तिसरा. तिन्ही एकमेकांवर चढवले की मानेवरचे केस उभे राहायचे. मुलगी “मग बाबा ओरडले” म्हणते तिथून तो आवाज सुरू व्हायचा आणि वाढत वाढत चष्म्याच्या वाक्याखाली जाऊन भिडायचा.

सकाळचा खेळ संपला, दिवे लागले. स्वेटरवाला मुलगा आत येऊन जागेवर बसला होता. मी विचारलं, कुणाकुणाला भीती वाटली? एकही हात वर आला नाही. दाराकडे का गेला होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला, “पाणी प्यायला.”

गेमन स्वतः एक हकिगत सांगतो. त्याच्या एजंटला ही कादंबरी मुलांसाठी फार भीतिदायक वाटली होती. मग तिने ती आपल्या मुलींना वाचून दाखवली. मुली म्हणाल्या, आम्हाला नाही भीती वाटली, आणि पुस्तक मुलांचं म्हणून निघालं. कैक वर्षांनी त्यांच्यातल्या एकीने कबूल केलं की ती भयंकर घाबरली होती. पण तसं सांगितलं असतं तर आईने वाचायचं थांबवलं असतं, आणि पुढे काय होतं ते तिला कळलं नसतं. मी ही हकिगत वर्गात ऐकली होती, वहीत उतरवलीही होती. त्या सकाळी तीच माझ्यासमोर सोळा खुर्च्यांवर बसली होती.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. ती मुलगी परत आत का गेली? एक म्हणाला, तिच्याकडे मेणबत्ती होती म्हणून. एक म्हणाली, आईबाबांना आणायला. एकाने सांगितलं, गेली नसती तर पिक्चर संपला असता. वडील, चष्मा, परत जाणं याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मी खोदून विचारलं, “ती कसली तरी गोष्ट सांगत होती ना?” मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. “माश्यांची,” एक जण म्हणाला. त्यापुढे काही नाही.

पालकांची परवानगी घेऊन आम्ही पडद्याखाली एक छोटा कॅमेरा मुलांच्या दिशेने लावला होता. दुपारी एडिट टेबलवर ते चित्रण आणि आमची फिल्म शेजारी शेजारी ठेवून एकत्र चालवली. ३ मिनिटं १२ सेकंदांना माश्यांचा आवाज सुरू. ३.१६ ला पहिले हात कानांवर. ३.३१ ला मुलगी म्हणते, भीती वाटत असतानाही बाबा परत गेले. ३.४४ ला आवाज थांबतो आणि हात एकेक करून खाली येतात.

मी ते तीनदा मागे नेऊन बघितलं. ज्या वाक्यासाठी हा प्रसंग निवडला, ज्याच्यासाठी फ्लॅशबॅक खोडला, ते वाक्य बोललं जात असताना निम्म्या मुलांनी कान घट्ट दाबून धरले होते. ते मी दाबायला लावले होते, आणि नेमक्या त्या क्षणी.

पुस्तक वाचताना मूल घाबरलं तर पानात बोट घालून मिटून ठेवतं. पाणी पिऊन येतं, आईच्या शेजारी जाऊन बसतं, मग तेच पान पुन्हा उघडतं. वाक्य त्याची वाट बघत थांबलेलं असतं. आमची फिल्म थांबत नव्हती. मग मुलांनी आपापले उपाय काढले होते. कुणी कान मिटले, एकाने दाराची फट पकडली. पण त्यांच्या या पुस्तक मिटण्याच्या वेळात माझं वाक्य निघून जात होतं.

आवाज काढून टाकूया असं मी म्हटल्यावर साउंडवाला मित्र दुखावला, आणि ते रास्तच होतं. तो म्हणाला, कमी करून बघू. कमी करून बघितला, वाक्याखाली नुसता कचरा ऐकू यायला लागला. मग वाक्याच्या आधीच तोडून बघितला. तरी हात खाली यायला दहा-बारा सेकंद लागतात हे आम्ही नुकतंच पाहिलेलं. संध्याकाळी दुसरा खेळ होता, पाच वाजत आले होते. शेवटी त्यानेच सुचवलं, “थवा नको. एकच माशी ठेवू.” गोष्ट सुरू होण्याआधी एक माशी डाव्या बाजूने येते, मुलीच्या मागून जाते आणि उजवीकडे कुठेतरी बसते. आवाज बंद. त्यानंतर फक्त मुलीचा आवाज, तिचा श्वास आणि मेणबत्तीची वात मध्येच तडतडते ती.

सरांना ते पटलं नाही. “आता यात भय उरलं नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, सर, संध्याकाळी मुलांकडे बघा, पडद्याकडे नको. त्यांच्याशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

संध्याकाळी नवी मुलं होती, सकाळची तीन-चार परत आली होती. त्यात स्वेटरवालाही होता. आत शिरता शिरता माझ्यापाशी थांबून म्हणाला, “ताई, दार थोडं उघडं ठेवाल?” प्रोजेक्शन बघणारी मैत्रीण नाही म्हणाली. बाहेरच्या उजेडाची पट्टी पडद्याच्या कडेवर येत होती, काळा रंग पांढुरका दिसत होता. महिनाभर आम्ही त्या काळ्यासाठी भांडलो होतो. दार तरीही मी उघडंच ठेवलं. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

माशी आली. बरेच हात वर उठले. माशी बसली, आवाज थांबला, आणि हात तसेच कानांपासून वीतभर अंतरावर हवेत राहिले. माशी कुठे बसली हे कुणालाच माहीत नव्हतं. ती पुन्हा उडेल म्हणून मुलं कान देऊन ऐकू लागली. समोरच्या रांगेतली एक मुलगी पुढे वाकली, तिचं तोंड थोडं उघडं होतं. त्या शांततेत पडद्यावरची मुलगी जवळजवळ कुजबुजत बोलत होती आणि खोलीत तिच्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. चष्म्याचं वाक्य आलं आणि गेलं. एकही हात कानावर नव्हता. दाराजवळचा मुलगा एकदा दाराकडे वळला, उघडं आहे ना ते बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

दिवे लागल्यावर मी काही विचारायच्या आतच समोरच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, “पण चष्मा सापडला का त्यांना?”

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. “तो आणायला गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हताच ना,” स्वेटरवाला म्हणाला. “म्हणजे माश्या कुठे आहेत ते त्यांना दिसतच नसणार.”

खोलीत सगळे गप्प झाले. मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले सरही. सहा महिने मी त्या दोन पानांबरोबर होते. धूसर दिसणाऱ्या उतारावरून, चाचपडत, फक्त आवाजाच्या अंदाजाने पोळ्याकडे चालत गेलेला तो माणूस माझ्या एकाही खर्ड्यात नाही.