जॉब ओके असताना कागदासाठी का अडवता? तुम्ही विचारलंत म्हणून

भोसरीत, चाकणला, तळवड्यात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न येतो: "मॅडम, मापं बसतात, हायड्रोटेस्ट झाली, जॉब ओके आहे. नुसता टीसीवरचा हीट नंबर जुळत नाही म्हणून माल का अडवता?" (जॉब म्हणजे घडवलेला भाग. हायड्रोटेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. टीसी म्हणजे पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर म्हणजे ते पोलाद ज्या एका वितळणीतून आलं तिचा क्रमांक.) अणुऊर्जा प्रकल्पांना जाणाऱ्या भागांची पुरवठादारांकडे, आणि त्यांच्याही पुरवठादारांकडे जाऊन सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी करणं हे माझं काम. आजवर उभ्या उभ्या तुटक उत्तरं दिली. आता एकदा नीट लिहिते. क्यूएपी म्हणजे तपासणीचा ठरलेला आराखडा आणि होल्ड पॉइंट म्हणजे तपासणी झाल्याशिवाय काम पुढे न नेण्याचा टप्पा, हे तुम्हाला सांगायला नको.

जॉब ओके आहे हे तुम्ही कशावरून ठरवता, इथूनच आपला वाद सुरू होतो. ३०४ आणि ३०४एल या स्टेनलेस स्टीलच्या दोन प्रकारांच्या प्लेटी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. फरक कार्बनचा आहे: साध्या ३०४ मध्ये तो ०.०८ टक्क्यांपर्यंत असू शकतो, ३०४एल मध्ये ०.०३ च्या वर चालत नाही. तुमच्याकडची पीएमआय गन, म्हणजे धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र, क्ष-किरणांवर चालते. ती क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवते, कार्बन तिला दिसतच नाही. दोन्ही प्लेटी तिच्यावर पास होतात. कार्बनसाठी ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारी ओईएस मशीन लागते, नाहीतर तुकडा कापून लॅबला द्यावा लागतो. हायड्रोटेस्टमधून त्या दिवशीची ताकद आणि गळती कळते, पुढच्या वर्षांचं काही कळत नाही. वेल्डिंग करताना जोडाशेजारचा पट्टा ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये रेंगाळला, की जास्तीचा कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या सीमांवर बसतो. सीमेलगतचं क्रोमियम कमी पडतं आणि भेग तिथून चालायला लागते, तीही काही वर्षांनी. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये १९७०च्या दशकात ३०४ च्या पाइपांना जोडांजवळ अशाच भेगा गेल्या.

कोबाल्टचंही तसंच. पोलादात तो थोडा जास्त असला तर भागाची ताकद कमी होत नाही, तुमची एकही चाचणी फेल जात नाही. पण गंजाचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर अणुभट्टीच्या गाभ्यातून फिरले की कोबाल्ट-५९ चा कोबाल्ट-६० होतो. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. पुढे त्याच पाइपाजवळ व्हॉल्व्हची पॅकिंग बदलायला जो फिटर बसतो, त्याच्या अंगावर तो डोस जातो. त्या फिटरच्या बाजूने बोलणारं तुमच्या शेडमध्ये त्या दिवशी मी सोडून कोणी नसतं, म्हणून मी हट्टी वाटते.

तुम्हाला वाटतं मी सगळ्यांना चोर समजते. तसं नाही. हीट नंबर चुकतो तेव्हा बहुतेक वेळा कोणी मुद्दाम शिक्का बनवलेला नसतो. मोठ्या प्लेटीवर नंबर एकाच कोपऱ्यात असतो. कटरने तो कोपरा आधी कापला, उरलेल्या तुकड्यावर पंच करायचं राहिलं, संध्याकाळी दोन ऑफकट, म्हणजे उरलेले तुकडे, एकाच रॅकमध्ये गेले, की संपलं. नियम साधा आहे: आधी नंबर उतरवायचा, त्यावर तपासणाऱ्याची सही घ्यायची, मग गॅस किंवा प्लाझ्मा लावायचा. माहितीची दुसरी गळती स्टॉकिस्टकडे होते. पोलाद बनवणाऱ्या मिलचा मूळ टीसी तो स्वतःच्या लेटरहेडवर पुन्हा टाइप करून देतो आणि त्यात एखादा आकडा बदलतो, किंवा एकाच टीसीची झेरॉक्स इतक्या गिऱ्हाइकांना जाते की सगळ्यांचं वजन धरलं तर टीसीवर लिहिलेल्या टनेजपेक्षा जास्त भरतं. तिसरी गळती तुमच्याच पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये असते. मुख्य ऑर्डरमध्ये कोबाल्टची मर्यादा असते, जॉबवर्कवाल्याला दिलेल्या अर्ध्या पानाच्या पीओत नसते. त्या बिचाऱ्याला कळणार कुठून?

म्हणून मी टीसीची खात्री करायला थेट मिलला लिहिते, आणि तो पत्ता टीसीवरून घेत नाही. रेडिओग्राफीच्या, म्हणजे जोडांच्या एक्स-रेच्या, फिल्म एकेक न बघता शेजारी शेजारी लावते. वेल्डच्या लाटा दोन जोडांवर हुबेहूब सारख्या पडत नाहीत. पडल्या असतील तर एकाच जोडाची फिल्म दोन नंबरांनी लावली आहे. भट्टीच्या तापमानाचा आलेख फार स्वच्छ असेल तर तापमान मोजणारं थर्मोकपल कुठे लावलं होतं ते विचारते.

आता फ्रान्समधला फेसेनहाइमचा अणुप्रकल्प. हे मी सविस्तर सांगणार, कारण तुमच्या प्रश्नाची खरी धार इथेच लागते.

फोर्जिंगवाल्यांना ठाऊक आहे, इनगॉट, म्हणजे ओतलेला पोलादाचा ठोकळा, बाहेरून आत थिजतो. सगळ्यात शेवटी थिजणाऱ्या वरच्या मधल्या भागात कार्बन आणि अशुद्धी गोळा होतात, म्हणून डोक्याकडचा भाग कापून टाकायचा. फ्रान्समधल्या क्रूझो फोर्ज या कारखान्याने २००८ मध्ये एका स्टीम जनरेटरची, म्हणजे अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या यंत्राची, खालची रिंग घडवली. त्यात हा वरचा भाग ठरल्याप्रमाणे पुरेसा कापला गेला नव्हता. नियामकाकडे गेलेल्या फाइलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. रिंग फेसेनहाइमच्या दुसऱ्या अणुभट्टीत बसली, अणुभट्टी चालूही लागली.

पुढे फ्रान्समधल्याच फ्लामाँव्हिलच्या नव्या अणुभट्टीचं प्रकरण निघालं. एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झालं, की क्रूझो फोर्जमध्येच घडलेल्या तिच्या दाबपात्राच्या झाकणात आणि तळात ०.२२ टक्क्यांऐवजी ०.३० टक्के कार्बन सापडला आहे. मग त्याच कारखान्याच्या जुन्या फाइली उघडल्या. सुमारे ४०० फाइलींमध्ये गडबड निघाली, काही १९६५ पर्यंत मागे जाणाऱ्या. त्यातच ही रिंग होती. जून २०१६ मध्ये अणुभट्टी थांबली आणि जुलैमध्ये नियामकाने त्या स्टीम जनरेटरचं प्रमाणपत्र स्थगित केलं. चाचण्या आणि आकडेमोड होऊन ती पुन्हा सुरू झाली एप्रिल २०१८ मध्ये.

म्हणजे रिंग चांगलीच निघाली. जवळजवळ दोन वर्षं ९०० मेगावॉटची अणुभट्टी बंद राहिली, ती शेवटी वापरायला योग्य ठरलेल्या भागासाठी. आणि २०२० च्या जूनमध्ये ती कायमचीच बंद झाली, वेगळ्या, राजकीय निर्णयाने.

हेच उदाहरण तुम्ही माझ्या तोंडावर फेकू शकता. पूर्वी मीही म्हणायचे की पुन्हा टेस्ट करा आणि सोडा. पण टेस्ट कशाची करणार? बसवलेल्या रिंगचा तुकडा कापता येत नाही. कापलाच तर कापलेल्या जागेचं कळतं, उरलेल्या रिंगचं नाही. ज्या फाइलवरून उरलेल्याचा अंदाज बांधायचा, तीच लपवालपवीची निघाली. मग त्या छपराखाली घडलेला प्रत्येक भाग पुन्हा सिद्ध करावा लागतो. तो खर्च प्रामाणिक माणसांनीच भरला. त्याच वेळी मला हेही नाकारता येत नाही, की विचलन २००८ मध्येच उघड लिहिलं असतं, तर कदाचित तेव्हाच 'आहे तसं वापरा' असा शेरा मिळून ते मिटलं असतं. मग शिक्षा पोलादाला झाली की न लिहिण्याला? मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं आहे. अणुभट्टी थांबवणं बरोबर होतं असं मला वाटतं. दोन वर्षं बरोबर होती का, यावर माझं माझ्याशीच जमत नाही.

तुमची एक तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. होल्ड पॉइंटचा कॉल वेळेत देऊनही इन्स्पेक्टर येत नाही, जॉब फिक्स्चरवर अडतो, सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं, व्याज चढतं आणि उशिराचा दंड तुमच्याच बिलातून कापला जातो. अशा दाबाखाली शॉपमधला पोरगा न झालेल्या तपासणीपुढे टिक करतो. ती टिक आमच्या उशिरातूनही येते. हे मी वरिष्ठांना लेखी कळवलेलं आहे आणि कळवत राहणार.

तोवर माझी मागणी एवढीच. नंबर पुसला गेला, ऑफकट मिसळले, भट्टीचं थर्मोकपल मध्येच सुटलं, तर त्याच दिवशी तुम्ही स्वतः एनसीआर, म्हणजे दोषाची लेखी नोंद, उघडा. प्रत्येक हीटचा हातभर तुकडा नंबरासकट डिस्पॅचनंतरही राखून ठेवा, म्हणजे कार्बन तपासायला तयार जॉब कापावा लागणार नाही. तुम्ही उघडलेल्या एनसीआरवर वापरा, दुरुस्त करा किंवा टाका, यांपैकी काहीही ठरू शकतं. तोच दोष मला शोधावा लागला, तर मी मागच्या सगळ्या डिस्पॅचच्या फाइली मागणार.