ग्रांद बेटावर पोवळी बघायला जाताय?

गोव्यात प्रवाळांचे जीवाश्म शोधायला येणाऱ्यांनी जांभ्याच्या सड्यांवर वेळ घालवू नये. इथले बहुतेक मूळ खडक अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचे. तेव्हा पोवळीच काय, कुठलाच प्राणी जन्माला आला नव्हता. म्हणून आम्ही जिवंत पोवळीच बघायचं ठरवलं आणि बोगमाळोहून होडीने ग्रांद बेट गाठलं.

पाणी नितळ असेल ही आशा सोडा. मांडवी-झुवारीचा गाळ इथवर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरे, तेही सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. पावसाळ्यात जाऊच नका. होडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या.

बेटाच्या आडोशाला, जेमतेम पुरुषभर पाण्यात, पोराइट्स या प्रकारच्या पोवळ्यांची पिवळसर ढेप दिसली. वरून गुळगुळीत, जवळ गेल्यावर मात्र मिलिमीटरभराच्या खळग्यांनी खचाखच. प्रत्येक खळग्यात एक जीव! ही ढेप वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढते. सांगाड्याच्या कापाचा एक्स-रे काढला की फिकट-गडद पट्ट्यांची एकेक जोडी म्हणजे एकेक वर्ष, आणि त्यातलं स्ट्रॉन्शियमचं प्रमाण तेव्हाच्या पाण्याचं तापमान सांगतं. 1963 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या (सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांवरच्या, रोज एक पडणाऱ्या बारीक रेघा मोजल्या, तर वर्षाला 400 च्या आसपास भरल्या. म्हणजे तेव्हाचा दिवस जेमतेम 22 तासांचा. (तरी लोकांना वेळ पुरत नाही म्हणे!)

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या पोवळ्यांचे खरे पुरावे बाहेरच्या समुद्रात, 50 ते 100 मीटर खोलीवर बुडालेल्या चुनखडीच्या रांगांमध्ये आहेत. उथळ पाण्यातली पोवळी उन्हाशिवाय वाढत नाहीत, मग ती तिथे कशी? 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता, हे उत्तर. पुढे पाणी चढत गेलं, रांगा बुडाल्या. तिथे पर्यटकांची होडी जात नाही, हे बरंच आहे.

होडीवाल्याला आधीच सांगा, “दादा, नांगर वाळूत टाका, पोवळ्यांवर नको.” आमच्या दादांनी न कुरकुरता ऐकलं. ‘दारू-जेवणासह’वाली सहल टाळा, पाण्यात जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. ढेपेवर उभं राहू नका. किनाऱ्यावर पांढरा पडलेला तुकडा सापडलाच तर भिंगातून त्याच्या खळग्यांतले उभे पडदे बघा आणि तिथेच ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्यात पोवळी पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेलीसुद्धा.