पन्नाशीत स्लॅलम स्की शिकताना

स्लॅलम म्हणजे बोटीमागे दोरी धरून, एकाच स्कीवर, पाण्यात तरंगणाऱ्या बोयांना (खुणेच्या गोळ्यांना) वळसे घालत जाणं. ते शिकायला पन्नाशी म्हणजे काही फार उशीर नव्हे. मात्र विशीतली पोरं शिकतात तसं, पडत-आपटत शिकायचं वय गेलेलं असतं. अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, खास या खेळासाठी खोदलेली लांबट, अरुंद तळी आहेत आणि तिथे तासावर शिकवणारे प्रशिक्षक मिळतात. मित्राच्या बोटीमागे मोठ्या सरोवरात धडपडण्यापेक्षा पहिले धडे तिथे घेतलेले बरे.

सगळ्यात जोखमीचा क्षण म्हणजे पाण्यातून उठणं. गुडघे छातीशी, टाच ढुंगणाजवळ, हात सरळ आणि गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे, स्कीचं टोक पाण्याबाहेर. आपल्याकडे उकिडवं बसतात ना, अगदी तसंच. दोरी ताणली गेल्यावरच ड्रायव्हरला इशारा द्यायचा. बोट ओढायला लागली की नवशिक्याला उभं राहायची घाई होते आणि तो पाय ताठ करतो. स्की पाण्यात अडते, हँडल धड पुढे खेचतं. कंबर वाकलेली आणि गुडघा सरळ, अशा अवस्थेत मांडीमागचा हॅमस्ट्रिंग दोन्ही टोकांनी ताणला जातो. तो बैठकीच्या हाडापासून तुटला तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून स्की पाण्यावर तरंगत पळू लागेपर्यंत उकिडवंच राहायचं आणि ढुंगण वर उचललं जातंय असं वाटलं की हँडल सोडून द्यायचं. पुन्हा प्रयत्न करायला मिनिटभर लागतं; तुटलेल्या स्नायूला महिने. ड्रायव्हरलाही आधीच सांगून ठेवा: थ्रॉटल हिसका न देता, पण न अडखळता चढवायचा. फार हळू ओढलं तरी माणूस पाण्यातच घासत राहतो आणि हात भरून येतात. बोटीच्या बाजूला आडवा दांडा लावायची सोय असेल तर पहिले काही प्रयत्न तो धरूनच करा. दोरीपेक्षा तोल कितीतरी सोपा जातो.

स्की रुंदच घ्या. स्पर्धेची अरुंद स्की कमी वेगात बुडते, मग वेग वाढवावा लागतो आणि पडणं महागात जातं. रुंद स्कीवर ताशी 35 ते 40 किलोमीटर पुरतात. मागच्या पायाला पूर्ण बूट न घेता नुसता पट्टा घ्यावा, असं माझं मत. उठताना पाय मागे मोकळा सोडता येतो. दोन बूट असतील तर पडताना एकच पाय निसटून दुसरा अडकण्याची भीती असते आणि त्यात घोटा पिरगळतो. लाइफ जॅकेट अमेरिकी कोस्ट गार्डची मान्यता असलेलंच हवं. स्पर्धक घालतात ते पातळ निओप्रीनचे वेस्ट बहुधा तसे नसतात. फिनला, म्हणजे स्कीखालच्या पातळ पात्याला, वर्षभर हात लावू नका. इंचाच्या हजाराव्या भागात चालणारं ते मोजमाप नवशिक्याला काही सांगत नाही.

उभं राहता आलं की बोयांच्या मागे लागू नका. आधी वेक ओलांडायला शिका. बोटीमागच्या या उंचवट्यांवरच बहुतेक जण आपटतात. कारण एकच: लाट दिसली की घाबरून माणूस हात वाकवतो, हँडल छातीशी येतं, कंबर मागे पडते आणि लाट त्याला उडवते. उलट हात सरळ, हँडल कमरेशी खाली, गुडघे सैल आणि बोटीपासून दूर झुकलेलं शरीर हवं. दुसरा उंचवटा पार होईपर्यंत हा झोक सोडायचा नाही. नजर पलीकडच्या काठावर. दोरी 18.25 मीटरची मागा, अमेरिकन भाषेत ‘15 ऑफ’, म्हणजे पूर्ण दोरीतून 15 फूट कमी. पूर्ण 23 मीटरच्या दोरीपेक्षा तिथे वेक अरुंद लागतो.

मग कोर्स. लांबी 259 मीटर, सहा बोय, प्रत्येक मधल्या रेषेपासून 11.5 मीटर बाहेर. गेटपासून (कोर्सच्या तोंडाशी असलेल्या दोन बोयांच्या जोडीपासून) पहिला बोय 27 मीटरवर, पुढचे 41-41 मीटरवर. ताशी 40 किलोमीटरला दोन बोयांमध्ये जेमतेम 3.7 सेकंद मिळतात. पहिला बोय उजवीकडे असतो, म्हणून गेटआधी डावीकडे भरपूर बाहेर जायचं. बोय चुकतो तो बहुधा बोयपाशी नाही, गेटपाशी: बाहेर कमी गेलात किंवा आत उशिरा वळलात की तो उशीर प्रत्येक बोयला वाढत जातो. वळणावर हँडल घाईने ओढून घेतलं तर दोरी ढिली पडते आणि पुढच्याच क्षणी असा हिसका बसतो की कोपर आठवण ठेवतं. आतल्या बाजूला लहान कोर्सचे बोय असतील तर आधी तेच घ्या.

एका वेळी सहा फेऱ्या खूप झाल्या. बोटांची पकड संपली की तंत्रही संपतं आणि दुखापती शेवटच्या ‘अजून एकदाच’मध्ये होतात. पाण्याबाहेर बारला लोंबकळणं आणि हलक्या वजनाचे रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकत वजन उचलणं) हे दोन व्यायाम आठवड्यातून दोनदा केले तरी फरक जाणवतो.

वेगाची हौस असणाऱ्यांसाठी: वयाची 35 वर्षं पार केलेल्या पुरुषांच्या स्पर्धांतही कमाल वेग ताशी 55 किलोमीटरच आहे. त्यापुढे वेग वाढत नाही, दोरी तोकडी होत जाते.